सत्तावीस नंबरचं बेट

त्याचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. घड्याळाचा गजर नव्हता. खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे उजाडलं की नाही हेही आतून कळायचं नाही. वरच्या मजल्यावरचा पाववाला पावणेपाचला नळ सोडायचा, भिंतीतल्या पाइपातून पाणी खळखळत खाली यायचं, आणि तो डोळे उघडायचा.

आधी बायकोच्या श्वासाकडे कान द्यायचा. घरघर असली तर दार सताड उघडून बाहेर पायरीवर बसून राहायचा, हवा आत जावी म्हणून. घरघर नसली तर डबा उचलून निघायचा. चालत पन्नास मिनिटं. आमची हजेरी साडेसहाला लागायची. तो सहालाच शेडच्या दाराशी उभा असायचा.

आम्ही त्याला बाण म्हणायचो. का, ते सांगतो.

आमचं खातं जमिनीला भोकं पाडायचं. पाण्यासाठी नाही, कोळशासाठीही नाही. खाली काय आहे ते बघण्यासाठी. मी यंत्र चालवायचो आणि तो माझा जोडीदार होता. पोकळ नळी फिरत फिरत खाली जाते आणि पोटात दगडाची लांब कांडी घेऊन वर येते. मनगटाएवढी जाड, दहा फूट लांब. कांडी बाहेर काढायची, लाकडी पेटीच्या खणांत मांडायची, प्रत्येक तुकड्यावर खडूने बाण काढायचा. बाणाचं टोक जिकडे, तिकडे आकाश. बाकीचे जोडीदार बाण काढायचे तो कसाबसा, फराटा मारल्यासारखा. ह्याचा बाण सरळ, दोन्ही पंख सारखे. दिवसाला दीडशे बाण काढले तरी शेवटचा पहिल्यासारखाच. म्हणून बाण.

पेटी भरायला डोकं लागतं. पेटी पुस्तकासारखी वाचतात. डावीकडे वरच्या कोपऱ्यात सगळ्यात वरचा दगड, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सगळ्यात खोलचा. पण नळी टांगून हातोडीने ठोकली की तिच्यातून सगळ्यात खालचा तुकडा आधी बाहेर पडतो. म्हणजे जो पहिला हातात येतो तो शेवटी ठेवायचा. नवा माणूस आला की पहिला महिनाभर हे चुकतो. बाण पहिल्या दिवशीही चुकला नव्हता.

पुढे त्याला यंत्रावरून काढून शेडमध्ये घेतलं. कारण सोपं होतं. पेटी दोघांनी उचलायची असते, हा एकटा उचलायचा, आणि ठेवताना आवाज होत नसे.

शेड शंभर पावलं लांब. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पेट्या. खिडक्या उंच, त्यांतून धुळीचे पट्टे खाली उतरायचे. आत शिरलं की बाहेरच्या रस्त्याचा आवाज बंद. ओल्या दगडाचा वास, बाकी काही नाही. तिथे बसायची नकाशावाल्या बाई.

बाई भूगर्भ शिकलेल्या. त्यांचं काम असं की आमच्या साऱ्या बोअरच्या कांड्या वाचायच्या आणि त्यांवरून जुन्या काळाचे नकाशे काढायचे. जमीन कुठे होती, समुद्र कुठे होता, त्यात काय जगत होतं. एका काळाला एक पारदर्शक कागद. असे नऊ कागद. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ते एकावर एक ठेवले की समुद्र यायचा आणि जायचा. अकरा वर्षं त्या हे करत होत्या.

बाण पेट्या आणून द्यायचा. कांडीवर पाणी मारून धूळ घालवायचा, कारण ओला दगड बोलतो, कोरडा गप्प असतो. पाणी मारलं की राखाडी दगडात पांढऱ्या चकत्या दिसायच्या, मधे भोक असलेल्या, शर्टाच्या गुंड्यांसारख्या.

"ही फुलं का?" त्याने एकदा विचारलं.

"दिसायला फूल, पण प्राणी," बाई म्हणाल्या. "समुद्राच्या तळाला देठाने चिकटून उभे राहायचे. पाण्याबरोबर डोलायचे. ह्या त्यांच्या देठाच्या चकत्या."

"किती दिवस झाले?"

"तीस कोटी वर्षं."

त्याने ती कांडी दोन्ही हातांनी उचलून परत खणात ठेवली. झोपलेलं मूल ठेवावं तशी.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर तो दोन मिनिटं उशिरा आला. हजेरी कारकून वहीवर पेन आपटत म्हणाला, "दगड तीस कोटी वर्षं थांबलाय, तो अजून थांबेल. पण मी थांबणार नाही हां. खाडा लावीन."

बाण म्हणाला, "लावा. तेव्हा वर्षाचे दिवससुद्धा जास्त होते म्हणतात. तुमची वही पुरली नसती."

बाई त्याला शिकवत गेल्या. मुद्दाम नाही, स्वतःशी बोलता बोलता. लाल वाळूचा दगड म्हणजे वाळवंट. शिंपले आणि गुंड्या म्हणजे समुद्र. वाळून तडकलेला चिखल म्हणजे किनारा. काळा पट्टा म्हणजे दलदल, तिथे ताडाएवढे नेचे उभे असायचे आणि त्यांच्यामधून हातभर पंखांचे चतुर उडायचे. चिखलाची भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते, कारण ऊन वरून लागतं. त्या भेगेत मग वरून वाळू पडते आणि तशीच दगड होते.

"चिखलाला खोटं बोलता येत नाही," बाई म्हणायच्या.

हे सगळं तो घरी घेऊन जायचा. पन्नास मिनिटांच्या वाटेवर त्याला घरं दिसायची आणि घरांच्या खाली, पलीकडे, दुसरं काहीतरी दिसायचं. चौकातल्या न्हाव्याकडे दाढीला बसला की आरशात बघत म्हणायचा, "तू आत्ता छातीभर पाण्यात उभा आहेस."

न्हावी वस्तरा पुसत म्हणायचा, "मालकाला सांग. घर पाण्यात आहे, भाडं कमी कर म्हणावं."

"आणि पाणी कोमट आहे. आपली जमीन तेव्हा इथे नव्हतीच. पार खाली, पृथ्वीच्या कमरेपाशी होती. सगळ्या जमिनी एकमेकींकडे सरकत होत्या, एकमेकींना चिकटायला. नंतर परत सुटल्या. आपण सरकत सरकत इथवर आलो."

"बिनतिकीट?"

"बिनतिकीट."

"मग हलू नकोस, नाहीतर मान सरकेल."

त्याची बायको धुलाईघरात इस्त्री करायची. दहा तास वाफेत उभं राहायचं. त्या वाफेने तिची छाती धरली होती. घरी यावं तर खोली तशी. इमारतीचा कोळसा साठवायची जुनी जागा ती, अर्धी जमिनीत गेलेली. चार पायऱ्या उतरून दार. दोन भिंतींना शेजारी, तिसरीत हे बोळातलं दार, चौथी भिंत रस्त्याच्या बाजूची, हातभर जाडीच्या दगडाची, आणि तिच्यावर तीन मजले. डॉक्टरने औषध दिलं आणि म्हणाला, औषधाने निम्मं काम होईल, खोलीला खिडकी करा. सांगायला सोपं. त्या भिंतीला भोक पाडायचं तर वर लोखंडी तुळई टाकायला हवी, इंजिनियरचा शिक्का हवा. रोजंदारीवरच्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. कायम झालेल्या माणसाला खात्याकडून घरदुरुस्तीसाठी रक्कम मिळायची. बाण कितीतरी वर्षं रोजंदारीवर होता. त्याचा कायम होण्याचा कागद दोनदा वर गेला होता आणि दोनदा कुठेतरी अडकला होता.

तोवर त्याने तिला खिडकीऐवजी बेट दिलं.

झालं असं. आमचा सत्तावीस नंबरचा बोअर त्याच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत होता. घरापासून दोनशे पावलांवर. बाईंनी चौथा कागद काढला, त्यात सगळीकडे समुद्र पुढे सरकत होता. सव्वीसमध्ये पाणी येत होतं, अठ्ठावीसमध्ये पाणी येत होतं. फक्त सत्तावीसमध्ये त्याच वेळी पाणी ओसरून चिखल उघडा पडत होता. बाईंनी तीन महिने डोकं खाजवलं. शेवटी किनाऱ्याची रेघ सत्तावीसभोवती गोल फिरवून आणली. समुद्राच्या मधोमध एक छोटं बेट झालं.

"तुमची खोली ह्या बेटावर येते बघा," बाई त्याला म्हणाल्या.

तो घरी गेला तो तरंगत. बायकोला म्हणाला, "आपण बेटावर राहतो."

"खोली तर खड्ड्यात आहे, अहो."

"आता खड्ड्यात. तेव्हा चहूकडे समुद्र आणि आपण कोरडे. ह्या दारापाशी किनारा. तिथे पायरी आहे ना, तिथे लाट यायची आणि थांबायची."

तेव्हापासून त्या दोघांचा तो खेळ झाला. मी कधी रविवारी गेलो की ती म्हणायची, "या भाऊजी, पाय नाही ना भिजले?" मी उगीच पायताण झटकून आत जायचो. ती बाजेवर पडून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायची आणि तो सांगायचा. आज बेटावर ऊन आहे. किनाऱ्याला शिंपले आलेत. लांब, उथळ पाण्यात ती देठाची जनावरं उभी आहेत, हजारो, आणि सगळी एकाच बाजूला झुकताहेत. पलीकडे दलदलीतून एक मोठा चतुर उडत येतोय, त्याला बसायला जागा सापडत नाहीये. ऐकता ऐकता तिचा श्वास हळू व्हायचा. मी काही भाबडा माणूस नाही, पण दोन-तीनदा मलाही त्या खोलीत पाण्याचा आवाज आला. पाइपाचा असेल.

रविवारी ती नखं कापायची तेव्हा तो तुकडे गोळा करून तळहातावर घ्यायचा. "जेवढी नखं वाढली तेवढ्या जमिनी सरकल्या. वेग सारखाच आहे."

"मग कापली की मागे येतात का?"

"नाही. त्या पुढेच जातात."

"तुमच्यासारखं आहे म्हणजे. थांबा म्हटलं तरी थांबत नाही."

अशी सात वर्षं गेली. बाणाच्या रोजंदारीला चौदा झाली. नऊ कागद पुरे झाले. नकाशा छापायला जायची तारीख ठरली. मोठ्या साहेबांनी सांगितलं, नकाशाबरोबर काही निवडक कांड्यांचे फोटो छापायचे, पहिल्यांदा सत्तावीसच्या, कारण बेट हे सगळ्यात नवलाचं. त्याच आठवड्यात बाणाचा कायम होण्याचा कागद तिसऱ्यांदा वर गेला होता आणि ह्या वेळी खाली येताना सहीसकट येणार होता. हजेरी कारकुनाने स्वतः पाहिला होता. बाणाने गवंड्याला भिंत दाखवून घेतली. बायकोने भिंतीवर कोळशाने एक चौकोन काढला. इथे.

फोटोसाठी कांडी उभी चिरायची असते. हिऱ्याच्या दातांचं गोल पातं, वरून पाण्याची धार, आणि माणसाने कांडी हळूहळू पुढे ढकलायची. घाई केली की पातं तापतं, कांडी फुटते. दोनशे बारा मीटर खोलीवरचा तुकडा त्याने चिरायला घेतला. चिरायला वीस मिनिटं लागली. दोन्ही अर्धी वेगळी केली, पाणी मारलं, दारातल्या उन्हात धरली.

चिखल तडकलेला होता. भेगांत वाळू भरलेली. बाहेरून हे कधी दिसलं नव्हतं, पोटात होतं. आणि भेगांची टोकं बाणाच्या दिशेने होती.

त्याने तुकडा फिरवून परत पाहिला. खडूचा बाण म्हणत होता आकाश इकडे. भेगा म्हणत होत्या आकाश तिकडे. बाण त्याच्या हातचा होता, दोन्ही पंख सारखे.

त्याने पेटीची चिठ्ठी काढली. तारीख वाचली आणि त्याला सगळं आठवलं. त्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही नळी वर काढली होती. तो ठोकून कांडी काढत असतानाच धुलाईघरातली एक बाई धावत आली, तुमची बायको पडली, श्वास घेता येईना. त्याने हातात आले तसे दहा फुटांचे तुकडे डावीकडून मांडून टाकले, भराभर बाण काढले आणि पळाला. चौदा वर्षांत एकदाच. खालचं वर आणि वरचं खाली. समुद्र येत होता तो जाताना दिसला. सव्वीसला येत होता, अठ्ठावीसला येत होता आणि सत्तावीसलाही येतच होता.

बेट कधी नव्हतंच.

त्या चिठ्ठीवर खाली तपासणाऱ्याची सही होती. ती माझी होती. मी तपासलं नव्हतं.

तो आधी माझ्याकडे आला. मी यंत्राला तेल देत होतो. त्याने सांगितलं. मी विचारलं, "अजून कुणी पाहिलं?"

"नाही."

"एक अर्धं कर पुढे. चिरलेली बाजू खाली ठेव. फोटो वरून काढतात. छापून झालं की कोण बघतंय."

"कागदावर बेट राहील."

"राहू दे की. कुणाच्या होड्या आपटणार आहेत त्याला? आधी कागद येऊ दे खाली. खिडकी होऊ दे. मग वर्षाने सांग."

मीच पुढे म्हणालो, "बायको तुझी आहे. छाती तिची आहे. दगडाला श्वास लागत नाही."

हे मी बोललो. चूक बोललो असं आजही मला पूर्ण वाटत नाही. पण चाळीस वर्षं मी कामं केली आणि त्यातलं हे एक बोलणं मला आठवतं.

संध्याकाळी तो घरी गेला. बायको भिंतीवरच्या कोळशाच्या चौकोनाखाली बसली होती. हे तिनेच मला नंतर सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तो पायरीवरच बसला, आत आला नाही.

"काय झालं?"

"बेट नाहीये."

"म्हणजे?"

"मी कांडी उलटी मांडली होती. तू पडलीस त्या दिवशी."

तिने कोळशाच्या चौकोनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आपण पाण्यात?"

"डोक्यावरून पाणी. पार तळाला."

"तरीच भिंतीला ओल."

तो हसला नाही. म्हणाला, "बाईंना सांगितलं तर कागद अडकेल. निष्काळजीपणा लिहितील. खिडकी राहून जाईल." आणि मग, "न सांगितलं तर चालेल असं सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे भाऊजी."

"हो."

"तुम्हाला झोप लागेल का?"

"तुला लागते का ते महत्त्वाचं."

"मला तुम्ही सांगता म्हणून लागते," ती म्हणाली. "समोर भिंत असते, मला ठाऊक आहे भिंत आहे. तुम्ही सांगता ते खरं म्हणून मी ऐकते. उद्या बेटावर ऊन आहे म्हणालात, तर मी काय म्हणू?"

सकाळी सहाला तो शेडच्या दाराशी होता. बाई साडेसातला आल्या. त्याने चिरलेली कांडी काचेच्या टेबलावर ठेवली होती, ओली करून.

बाईंनी पाहिलं. भिंग लावून पाहिलं. मग अर्धी कांडी उचलून उलटी फिरवली आणि परत ठेवली. तो बोलायला लागला तर हाताने थांबवलं. चौथा कागद काढला, काचेवर पसरला, खालचा दिवा लावला. बोटाने सव्वीसपासून अठ्ठावीसपर्यंत सरळ रेघ ओढली. रेघ कुठेही वाकली नाही.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी ही रेघ वाकवत होते. ती वाकत नव्हती."

"चूक माझी आहे, बाई. लिहून देतो."

"लिहून द्यावंच लागेल. त्याने काय होईल माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

बाईंनी खणातून अर्धं ब्लेड काढलं. त्या कागदावरची शाई पुसता येत नाही, खरडावी लागते. त्यांनी ब्लेड त्याच्यापुढे धरलं.

"मी?"

"तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

हे काम सोपं नाही. ब्लेड उभं धरलं तर कागद फाटतो, आडवं धरलं तर शाई पसरते. एका वेळी तांदळाएवढी रेघ जाते. त्याने श्वास धरून सुरुवात केली. आधी पूर्वेचा किनारा गेला, जिथे शिंपले यायचे. मग दक्षिणेचं टोक. मग त्याच्या पायरीशी थांबणारी लाट. चाळीस मिनिटांनी बेटाच्या जागी पाणी होतं. बाईंनी फुंकर मारून शाईचा भुगा उडवला. दाराच्या उन्हात तो क्षणभर तरंगला आणि गेला. मूळ कागद अजून जपून ठेवलेला आहे. त्यावर बोट फिरवलं तर तेवढ्या जागी खरखरीत लागतं.

नकाशा आठ महिने उशिरा छापला. बाईंना वरून चार शब्द ऐकावे लागले. त्यांनी बाणासाठी साहेबांकडे दोनदा रदबदली केली, तिसऱ्यांदा त्यांना खोलीत घेतलं नाही. बाणाचा कागद सहीशिवाय खाली आला, निष्काळजीपणा असा शेरा घेऊन. मीही जाऊन सांगितलं की तपासणीची सही माझी आहे. साहेब म्हणाले, तू कायम आहेस, तुझी दोन वर्षांची वाढ रोखू. रोखली. मला बरं वाटलं, पण त्याने त्याची भिंत फुटली नाही.

कोळशाचा चौकोन भिंतीवर सात वर्षं राहिला. पुसट झाला की ती परत गिरवायची. रविवारी तो दगडकाप्याकडे चिरायचं काम करायला जाऊ लागला, पायऱ्या, ओटे, काय असेल ते. सोमवारी त्याच्या पापण्यांवर पांढरी भुकटी असायची. हजेरी कारकून विचारायचा, "काय बाणा, कुठल्या समुद्रातून आलास?" बाण थट्टा न समजता खरं उत्तर द्यायचा, कारण चिरलेला तो दगडही कुठल्यातरी समुद्राचाच.

आणि संध्याकाळी तो बायकोला सांगायचा, आता तळावरून. आपण खाली आहोत. वर पाणी आहे, हिरवट, उन्हाचे पट्टे खोलवर येतात. देठाची जनावरं आपल्या दाराशी उभी आहेत. डोलताहेत. वरून काहीतरी पोहत जातंय, आपल्याला त्याचं फक्त पोट दिसतंय. ती म्हणायची, बेटापेक्षा हे बरं. इथे एकटं वाटत नाही.

सातव्या वर्षी इंजिनियर आला, ठोकून बघितलं, शिक्का मारला. भिंत आम्ही दोघांनी फोडली, मजूर लावला नाही. चार रविवार. आधी वर तुळईची खाच, मग तुळई, तिच्याखाली टेकू, मग एकेक दगड सुटा करून काढायचा. छिन्नी किती खोल जाते ते आवाजावरून कळतं. तिसऱ्या रविवारी एक मोठा दगड आडवा फुटला. त्याच्या पोटात पांढऱ्या चकत्या होत्या, गुंड्यांसारख्या, शेकड्याने. इतकी वर्षं ती बाजेवर पडून त्यांच्याकडेच बघत होती. बाणाने पाणी आणलं आणि दगडावर ओतलं.

चौकट आणायला आम्ही सुताराकडे गेलो. परत आलो तेव्हा ती चौकटीभोवती एकदा फिरली. पाणी बाहेर पडायला खालच्या पट्टीला उतार असतो, चौकट उलटी बसून तो वर गेला तर सगळं पाणी खोलीत. तिने चुलीजवळचा खडू घेतला आणि चौकटीच्या उजव्या बाजूला एक बाण काढला. वाकडा, एक पंख मोठा.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुमचा काय भरवसा," ती म्हणाली. "मी पडलेबिडले मधेच, तर?"

बाण वर ठेवून चौकट बसवली. काच लावली. खोली जमिनीत अर्धी गेलेली, त्यामुळे खिडकी आतून उंच आणि बाहेरून रस्त्याला लागून. ती बाजेवर आडवी झाली. वरून माणसं जात होती. नुसते पाय, बुटांचे तळ, एका सायकलचं चाक, पाववाल्याची टोपली. ऊन त्यांच्यामधून हलत हलत खाली येत होतं आणि भिंतीवर पसरत होतं.

"पोहताहेत," ती म्हणाली.

तो कायम झाला त्यानंतर दीड वर्षाने. पण एकवीस वर्षांच्या रोजंदारीने आणि सात वर्षांच्या रविवारांनी जे घेतलं ते हे: एक लोखंडी तुळई, एक चौकट, दोन बिजागऱ्या, एक कडी, चार काचा. कडी तिने काढली. हवा आत आली.